फॉर्ममधून आलेली माहिती तपासताना: इजसेट, एम्प्टी की आणखी काही?

वहीचं_पान | रविवार, सकाळी ९:१०

नमस्कार मंडळी. मी शाळेत गणित शिकवते आणि सुट्टीच्या दिवशी आमच्या गावच्या वाचनालयाची वेबसाइट सांभाळते. पीएचपी ही वेबसाइटची प्रोग्रामिंग भाषा घरीच शिकले. सभासद नोंदणीचा ऑनलाइन अर्ज मीच केलाय. त्यात नाव, मोबाइल, पिन कोड, सभासद प्रकार, घरात १२ वर्षांखालची मुलं किती, आणि बालविभागाची माहिती हवी असेल तर एक चेकबॉक्स, एवढंच आहे. भरलेली माहिती $_पोस्ट मध्ये येते. सगळ्या रकान्यांना एकच साचा लावला (इजसेट म्हणजे रकाना आला का, एम्प्टी म्हणजे तो कोरा आहे का, असं मी समजत होते):

इफ (इजसेट($_पोस्ट['मुलं']) && !एम्प्टी($_पोस्ट['मुलं']))

काल ग्रंथपाल काकूंनी सांगितलं, की एका निवृत्त जोडप्याने तीनदा अर्ज भरला आणि शेवटी दोघं रिक्षा करून वाचनालयात आले. लहान मुलं किती, तर शून्य. ते शून्य लिहीत होते आणि माझा अर्ज दर वेळी "मुलांची संख्या भरा" म्हणत होता. फार वाईट वाटलं.

दोन प्रश्न आहेत. शून्य का चालत नाही? आणि सहा रकान्यांच्या सहा जोड्या एकात एक अडकल्यात, कंस मोजता मोजता डोळे दुखतात. हे सुटसुटीत कसं लिहायचं?

फोनवरून लिहितेय, लिपी बदलली की मजकूर उड्या मारतो, म्हणून कोडही देवनागरीतच.

---

चहाबिस्किट | ९:२२

एम्प्टी काढा, समोर (इंट) लावा, म्हणजे मजकुराचा आकडा होतो. झालं काम.

---

सह्यवासी | ९:४८

ताई, शून्याचं कारण आधी. एम्प्टी हे फंक्शन "रकाना कोरा आहे का" असं विचारतच नाही. "ही किंमत खोट्यात जमा होते का" असं विचारतं. कोरी स्ट्रिंग (म्हणजे कोरा मजकूर), नल (म्हणजे किंमतच नाही), फॉल्स, रिकामा अ‍ॅरे, आकडा शून्य आणि स्ट्रिंगमधलं एकटं शून्य, हे सगळे त्याच्या लेखी सारखेच. फॉर्ममधून आलेली प्रत्येक गोष्ट स्ट्रिंग असते, त्यामुळे तुमच्या आजी-आजोबांचं शून्य तिथेच अडकलं. गंमत बघा, 'शून्य पूर्णांक शून्य' लिहिलं असतं तर अर्ज पुढे गेला असता. नुसती एक स्पेस दिली असती तरी गेला असता.

दुसरं, ही जोडी लावण्यात काही अर्थ नाही. व्हेरिएबल आलेलंच नसलं तरी एम्प्टी कुरकुर करत नाही, म्हणजे आधीचं इजसेट फुकट. ही जोडी मी शेकडो फाइलींत पाहिली आहे, कारण सगळ्यांनी एकमेकांची बघून लिहिली.

मी हे काम २००१ पासून करतोय. तेव्हा रजिस्टर ग्लोबल्स नावाची सोय चालू असायची. फॉर्ममध्ये 'नाव' रकाना असला की पानात आपोआप $नाव तयार. फार सोयीचं वाटायचं. पण पत्त्याच्या ओळीत प्रश्नचिन्हापुढे कोणी 'अधिकृत=१' लिहिलं की $अधिकृत पण तयार! आणि आत कोणी "अधिकृत असेल तर दार उघड" एवढंच लिहिलं असेल, तर दार उघडलंच. २००२ च्या एप्रिलमध्ये ४.२ आवृत्तीत ही सोय मुळातून बंद ठेवायला सुरुवात झाली आणि २०१२ मध्ये ५.४ आवृत्तीत ती काढूनच टाकली. आलेली किंमत $_पोस्ट मधून हात घालून काढावी लागते, ती यासाठी. आजही कोणी सुरुवातीलाच एक्स्ट्रॅक्ट($_पोस्ट) लिहिलेलं दिसलं की माझ्या अंगावर काटा येतो. ते सगळ्या रकान्यांची आपोआप व्हेरिएबलं करतं, म्हणजे तेच जुनं दार पुन्हा उघडं टाकलेलं असतं.

---

काना_मात्रा | १०:०५

@चहाबिस्किट, (इंट) लावून काम झालं नाही, बिघडलं. ताई, तुमचा तो रकाना साधा टेक्स्टचा आहे का? तुमच्या गावात किती जण मराठी कीबोर्ड वापरतात? पीएचपीला फक्त इंग्रजी आकडे कळतात. कोणी '३' असं देवनागरीत लिहिलं आणि त्यावर (इंट) चालवलं, तर उत्तर येतं शून्य. चूक नाही, इशारा नाही, काही नाही. तीन मुलांचं घर नोंदवहीत बिनमुलांचं होतं.

---

वहीचं_पान | १०:३१

@काना_मात्रा, टेक्स्टचाच आहे. आत्ता नोंदी उघडून बघितल्या. सध्या त्या स्ट्रिंग म्हणूनच साठवते, म्हणून दिसलं तरी: एकशे बारापैकी १९ घरांनी देवनागरी आकडे लिहिलेत. चहाबिस्किटांचं ऐकून (इंट) लावणारच होते. थांबले.

---

चहाबिस्किट | १०:३४

एकोणीस घरं! बरं झालं सांगितलंत. माझा सल्ला मागे घेतो.

---

नीलकमळ | १०:५०

मी पुण्यात लाराव्हेलवर, म्हणजे पीएचपीच्या एका तयार फ्रेमवर्कवर काम करते. हे सगळं हाताने लिहायची गरज काय? रकान्यापुढे नियम लिहायचे: आवश्यक, पूर्णांक, किमान शून्य, कमाल वीस. चुकलं तर संदेश तयार आणि भरलेली माहिती अर्जात परत. आमच्या टीममध्ये कोणी हाताने इजसेट लिहिलं तर रिव्ह्यूमध्येच परत पाठवते.

---

सह्यवासी | ११:०२

@नीलकमळ, तुमच्या कामासाठी बरोबरच आहे. पण सहा रकान्यांच्या एका अर्जासाठी अख्खं फ्रेमवर्क, त्याचे अपडेट, होस्टिंग, हे सगळं एका शिक्षिकेने रविवारी सांभाळायचं? आणि आत काय चाललंय हे कळल्याशिवाय नियमांची यादी लिहिली तर तीही चुकते. 'आवश्यक' नियमाला शून्य चालतं की नाही, हे तुमच्या टीममध्ये किती जणांना न बघता सांगता येईल?

---

नीलकमळ | ११:१५

मला येईल :) चालतं. पण मुद्दा मान्य, सगळ्यांना नाही येणार. मग फ्रेमवर्क राहू दे, त्यातला विचार तरी घ्या. तपासणी एकीकडे, काम दुसरीकडे. अर्ज आला की आधी सगळे रकाने स्वच्छ करून साध्या व्हेरिएबलमध्ये घ्यायचे, चुका एका अ‍ॅरेमध्ये गोळा करायच्या, आणि अ‍ॅरे रिकामा असेल तरच नोंद करायची. एकात एक इफ कधीच लागत नाहीत. शिवाय माणसाला सगळ्या चुका एकाच वेळी दिसतात. एक दुरुस्त केली की दुसरी पुढे येते, असं होत नाही. ते जोडपं तीनदा अर्ज का भरत बसलं, याचं हेही एक कारण असेल.

---

सह्यवासी | ११:४०

याच्याशी शंभर टक्के सहमत.

ताई, प्रत्येक रकान्याला तीन वेगवेगळे प्रश्न असतात. आला का? भरला का? बरोबर भरला का? तुमचा साचा तिन्हींचं उत्तर एकाच शब्दात मागतोय. पहिल्या दोहोंसाठी एक छोटं फंक्शन करा:

फंक्शन मजकूर($रकाना) {
  $आलं = $_पोस्ट[$रकाना] ?? '';
  रिटर्न इज_स्ट्रिंग($आलं) ? ट्रिम($आलं) : '';
}

ट्रिम दोन्ही कडांच्या स्पेस काढतं. दोन प्रश्नचिन्हांची ही खूण २०१५ च्या शेवटी पीएचपी ७ मध्ये आली. अर्थ असा: डावीकडची किंमत असेल आणि नल नसेल तर ती घे, नाहीतर उजवीकडची घे. रकाना आलाच नसला तरी इशारा नाही. पीएचपी ८ पासून तर हे हवंच, कारण अ‍ॅरेत नसलेली किल्ली मागितली की पूर्वी नुसती नोटीस यायची, आता वॉर्निंग येते.

यानंतर अर्जाच्या कोडमध्ये $नाव = मजकूर('नाव'); आणि खाली इफ ($नाव === '') $चुका['नाव'] = 'नाव लिहा'; असं लिहायचं. तीन बरोबरीच्या खुणा, म्हणजे किंमत आणि प्रकार दोन्ही तंतोतंत जुळले पाहिजेत, आणि कोरी स्ट्रिंग. शून्य सुखरूप, आणि ओळ वाचताच कळते.

---

नवशिका | १२:०५

इज_स्ट्रिंग कशाला? सगळं स्ट्रिंगच येतं म्हणालात ना?

---

कोकणकडा | १२:२०

@नवशिका, चांगला प्रश्न. ब्राउझरमधल्या अर्जातून स्ट्रिंग येते. पण विनंती ब्राउझरमधूनच आली पाहिजे असं कुठे आहे? रकान्याच्या नावापुढे चौकोनी कंस लावून पाठवलं की पीएचपी त्याचा अ‍ॅरे करतं. पीएचपी ८ मध्ये ट्रिमला अ‍ॅरे दिला तर टाइप एरर येऊन पान जागीच थांबतं, आणि एरर दाखवणं चालू असेल तर सर्व्हरवरच्या फाइलींचे पत्ते जगाला दिसतात. एका ओळीत हे टळत असेल तर टाळावं.

'रिक्वायर्ड' लिहिलंय, 'मॅक्सलेंग्थ' लिहिलंय, जावास्क्रिप्टने तपासलंय, हे सगळं भरणाऱ्याच्या सोयीसाठी. ब्राउझर त्याच्या हातात असतो. खरी तपासणी सर्व्हरवरच.

@वहीचं_पान, वर्गणीची रक्कम कुठून घेता?

---

वहीचं_पान | १२:४५

सभासद प्रकार निवडला की जावास्क्रिप्टने एका हिडन रकान्यात भरते. तोच पुढे पैसे भरण्याच्या पानाला जातो.

---

कोकणकडा | १२:५२

ताई, आजच बदला. हिडन रकाना दिसत नाही एवढंच, ब्राउझरची डेव्हलपर टूल्स उघडली की तो दिसतो आणि बदलताही येतो. पाचशेचा एक रुपया करायला अर्धं मिनिट पुरतं. अर्जातून फक्त सभासद प्रकार घ्या, तो तुमच्या ठरलेल्या यादीत आहे का बघा, आणि रक्कम सर्व्हरवरच्या तक्त्यातून काढा. यादीत शोधताना इन_अ‍ॅरेला तिसरं 'ट्रू' द्यायला विसरू नका, नाहीतर तुलना सैल होते. पीएचपी ८ च्या आधी त्या सैल तुलनेत कुठलाही शब्द आकडा शून्याच्या बरोबरीचा ठरायचा.

डेटाबेसमध्ये टाकताना पीडीओची प्रिपेअर्ड स्टेटमेंट, म्हणजे आलेला मजकूर हुकमापासून वेगळा ठेवणारी, वापरताय ना? आणि नाव पानावर दाखवताना एचटीएमएल स्पेशल कॅरेक्टर्सचं, म्हणजे मजकुरातल्या कोडच्या खुणा निरुपद्रवी करणारं फंक्शन?

---

वहीचं_पान | १:१०

प्रिपेअर्ड वापरते. दाखवताना नाही, मी ते साठवतानाच लावलं होतं. वर्गणीचं दुपारीच दुरुस्त करते.

---

सह्यवासी | २:३०

साठवताना नको, दाखवताना लावा. वसईला एका संस्थेचं काम करत होतो, तिथली गोष्ट सांगतो. डिसोझा, डिमेलो ही नावं इंग्रजीत लिहिताना 'डी'नंतर वरचा स्वल्पविराम येतो. जुन्या पीएचपीत मॅजिक कोट्स नावाचा प्रकार होता, आलेल्या मजकुरात अवतरणापूर्वी आपोआप बॅकस्लॅश घालणारा. त्यावर त्यांच्या प्रोग्रामरने हाताने आणखी एकदा घातला. त्यामुळे माणसाने माहिती बदलून अर्ज पुन्हा पाठवला की दर वेळी बॅकस्लॅश वाढत जायचे. एका बाईंच्या नावात सात होते. तेच नाव ओळखपत्रावर छापून गेलं. त्या ओळखपत्र हातात धरून म्हणाल्या, "हे माझं नाव नाही." अगदी खरं बोलल्या.

म्हणून, माणसाने जे लिहिलं ते जसंच्या तसं साठवावं. जिथे वापरायचं तिथल्या गरजेचं संरक्षण तिथे द्यावं. डेटाबेससाठी प्रिपेअर्ड, पानासाठी एचटीएमएलचं.

---

काना_मात्रा | ३:०५

नावावरून आठवलं. नावात फक्त अक्षरं चालतील असा नियम बरेच जण लावतात. रेगेक्समध्ये, म्हणजे मजकूर तपासायच्या साच्यात, युनिकोडचा 'अक्षर' गट घेतात आणि खूश होतात. मग 'नमन' चालतं आणि 'प्रिया' अडते! कारण काना, मात्रा, वेलांटी, हलन्त ही युनिकोडच्या लेखी अक्षरं नाहीत, 'खुणा' या वेगळ्या गटात येतात. तो गटही नियमात घ्यावा लागतो. माझ्या बहिणीचा परीक्षेचा अर्ज एका पोर्टलवर यापायीच दोन दिवस अडकला होता. संदेश काय, तर "नावात अवैध चिन्हे आहेत". स्वतःच्या नावातल्या वेलांटीला अवैध म्हटलेलं वाचून ती रडकुंडीला आली.

आणि कऱ्हाडे, कुऱ्हाडे अशी आडनावं! त्यातला अर्धा र काही कीबोर्ड नुक्तावाल्या ऱ ने लिहितात, तर काही साध्या र, हलन्त आणि एका न दिसणाऱ्या जोडचिन्हाने. ते जोडचिन्ह अक्षरांत नाही, खुणांतही नाही. तेही वेगळं चालू द्यावं लागतं.

लांबी मोजताना एसटीआरलेन नको. ते बाइट मोजतं आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं. 'प्रिया'ची लांबी १८ येते. एमबी_एसटीआरलेन सहा सांगतं. वीस बाइटांची मर्यादा घातलीत तर सहा चिन्हांतच नाव संपतं.

---

चहाबिस्किट | ३:१२

म्हणजे नावाला नियम लावायचाच कशाला? कोरं नसावं, फार लांब नसावं. बस.

---

काना_मात्रा | ३:१५

वाचनालयाच्या अर्जाला माझंही मत हेच. नाव बरोबर आहे की नाही हे त्या माणसालाच माहीत.

---

दूरदेशी | ४:४०

इकडे जर्मनीत दुपार आहे. पिन कोडबद्दल विनंती: सहा आकडे सक्तीचे करणार असाल तर परदेशात राहणाऱ्या गावकऱ्यांचाही विचार करा. आमचा पोस्टल कोड पाच आकडी. आईसाठी एका संस्थेची वर्गणी इथून भरताना मी शेवटी कुठलातरी खोटा पिन टाकला. चुकीच्या सक्तीमुळे चुकीची माहितीच गोळा होते.

---

वहीचं_पान | ५:०५

@दूरदेशी, आमचे बरेच माजी सभासद बाहेर असतात. 'पत्ता भारतातला आहे का' असा पर्याय घालते आणि असेल तरच सहा आकडे तपासते. पिनसाठी रेगेक्स असा चालेल ना: सुरुवात, बॅकस्लॅश-डी सहा वेळा, शेवटी डॉलर, आणि मराठीसाठी यू खूण?

---

काना_मात्रा | ५:२०

थांबा, त्यात दोन खड्डे आहेत. पीएचपीमध्ये यू खूण लावली की बॅकस्लॅश-डी देवनागरी आकड्यांनाही 'आकडा' मानतं. म्हणजे ४११०३० तपासणीत पास होतो आणि पुढे (इंट) केलं की शून्य! दुसरं, शेवटचा डॉलर ओळीच्या शेवटची एक नवी ओळ खपवून घेतो. तुमच्या ट्रिममुळे ती निघून जाईल, पण सवय म्हणून बॅकस्लॅश-झेड (छोटा) वापरावा.

त्यापेक्षा आकड्याचा कुठलाही रकाना आला की पहिल्यांदा देवनागरी आकडे इंग्रजीत बदला, मगच तपासा. एसटीआरटीआर या चिन्हं बदलणाऱ्या फंक्शनला जोड्यांचा अ‍ॅरे द्या: ० साठी इंग्रजी शून्य, १ साठी इंग्रजी एक, असं नऊपर्यंत. दोन स्ट्रिंग देणारा प्रकार वापरू नका, तो बाइटशः बदलतो आणि देवनागरीचा चुरा करतो.

---

कोकणकडा | ५:३५

आणि बदलल्यावर फिल्टर_व्हारचा पूर्णांकाचा फिल्टर, किमान-कमाल देऊन. उत्तर आकडा किंवा फॉल्स. तुलना === फॉल्स अशीच करा. उद्गारचिन्ह लावलंत तर शून्य पुन्हा बाहेर.

---

नीलकमळ | ५:५०

त्याला आधी शून्य लावलेले आकडेही चालत नाहीत, 'शून्य दोन' लिहिलं तर नाकारतो. मुलांच्या रकान्यात लोक असं लिहितात, म्हणून सीटाइप_डिजिट (सगळे आकडेच आहेत का बघणारं) आणि लांबीची तपासणी जास्त बरी. आणि पिन, मोबाइल हे आकडे नाहीतच, ती आकड्यांनी लिहिलेली नावं. स्ट्रिंग म्हणूनच ठेवा, (इंट) नको.

---

नवशिका | ६:१५

चेकबॉक्सचं काय? माझ्याकडे तो कधी येतो, कधी येतच नाही.

---

सह्यवासी | ६:३०

टिक केली नाही तर ब्राउझर तो पाठवतच नाही. इजसेटची खरी जागा तीच: $पत्रं_हवीत = इजसेट($_पोस्ट['पत्रं']); इतकंच. उलट टेक्स्टचा रकाना कोरा सोडला तरी येतो, कोरी स्ट्रिंग म्हणून. डिसेबल्ड रकाना येत नाही, रीडओन्ली येतो.

आणि एक जुनं दुखणं सांगून ठेवतो, ताई शाळेत आहात म्हणून. गुण भरण्याचा अर्ज: ४८ मुलं, प्रत्येकी २५ रकाने, म्हणजे १२००. पीएचपी मुळात एका अर्जातून १००० च व्हेरिएबल घेतं, मॅक्स इनपुट व्हार्स नावाची मर्यादा आहे. उरलेले टाकून देतं आणि इशारा फक्त लॉगमध्ये. चाळीस क्रमांकानंतरच्या मुलांचे गुण कोरे जायचे आणि शिक्षकांना वाटायचं आपणच भरायचे विसरलो. एका बाईंनी सलग तीन रात्री ते पुन्हा पुन्हा भरले होते. तसंच मोठा फोटो जोडला आणि पूर्ण विनंती मर्यादेबाहेर गेली, मुळात ती ८ एमबी असते, तर $_पोस्ट अख्खा रिकामा येतो. मग "नाव लिहा, मोबाइल लिहा, पिन लिहा" असा पाढा, आणि खरं कारण फोटो.

---

वहीचं_पान | रात्री ९:४५

मंडळी, दुपारपासून बसून सगळं बदललं. वर्गणी सर्व्हरवरून येते. 'मजकूर' आणि 'पूर्णांक' अशी दोन फंक्शनं, खाली सहा सरळ ओळी, एकही इफ दुसऱ्याच्या पोटात नाही. नावाला लांबीशिवाय नियम नाही. जुन्या १९ घरांचे आकडेही बदलून घेतले. आधी सगळ्या नोंदींची प्रत काढली.

एक अडलं. मुलांचा रकाना कोरा सोडला तर काय धरायचं? मी शून्य धरणार होते. काकूंना फोन केला तर म्हणाल्या, "शून्य म्हणजे मुलं नाहीत. कोरं म्हणजे आपल्याला माहीत नाही. मी खाऊवाटपाला घरं मोजते तेव्हा या दोन्हीत फरक असतो." म्हणून कोरं असेल तर डेटाबेसमध्ये नल ठेवते आणि काकू फोन करून विचारणार आहेत.

---

सह्यवासी | ९:५८

काकूंना नमस्कार सांगा. मग 'पूर्णांक' फंक्शन तीन उत्तरं देऊ दे: आकडा, कोऱ्यासाठी नल, चुकीसाठी फॉल्स. आणि तिन्ही वेळा === ने तुलना.

---

वहीचं_पान | सोमवार, सकाळी ७:२०

तसंच केलं. त्या जोडप्यालाच फोन करून विनंती केली, की एकदा पुन्हा भरून बघता का. आजोबांनी काल रात्री साडेदहाला भरला. मुलांच्या रकान्यात देवनागरी '०'. नोंद झाली.

---

नवशिका | ७:४०

ताई, जन्मतारखेसाठी पण असंच काही आहे का? माझ्याकडे ३१ फेब्रुवारी लिहिलं की ३ मार्च साठवलं जातं.

---

नीलकमळ | ८:०५

क्रिएट-फ्रॉम-फॉरमॅट वापरत असणार, ते जास्तीचे दिवस पुढच्या महिन्यात ढकलतं. तयार झालेली तारीख पुन्हा त्याच साच्यात लिहून मूळ मजकुराशी जुळते का बघ. किंवा चेकडेट, ते तारीख खरी आहे का सांगतं, पण त्यात आधी महिना आणि मग दिवस द्यायचा, उलट नको. वेगळा धागा काढ, तिथे सविस्तर लिहिते.